परदेशी खरेदीला जाताना इंटरनेटची तजवीज

आम्ही नाचणगावचे कापडवाले. २०१८ साली चीनमध्ये शाओशिंगच्या केचियाओ कापडबाजारात खरेदीस गेलो. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडेना, जीमेलही नाही. तेथे दोन्हींवर सरकारी बंदी आहे. रंगाचा नमुना घरी दाखवता आला नाही. सौदा हातचा गेला.

व्यापारी बंधूंनी यातून धडा घ्यावा. निघण्यापूर्वीच आपल्या सिमवर परदेशी रोमिंगचा डेटा पॅक घ्यावा. रोमिंगचा डेटा सहसा भारतातील कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून चीनमध्येही व्हॉट्सॲप बहुधा चालते. बँकेचा ओटीपीही त्याच सिमवर येतो. ते काढून ठेवू नये. दुबईत तेथील सिमवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, बोलणे मात्र होत नाही. हॉटेलचा पत्ता व व्यापाऱ्यांचे नंबर कागदावरही लिहून न्यावेत.