पाळी सुटल्यानंतर

ठाणे शहरात वागळे इस्टेट नावाची औद्योगिक वसाहत आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत हिची गणना होते. येथील कित्येक रस्ते नुसत्या क्रमांकांनी ओळखले जातात. कोणी 'सोळा नंबर'ला राबतो, कोणी 'बावीस नंबर'ला. कोकणातून व देशावरून आलेल्या असंख्य कुटुंबांचे पोट या वसाहतीने भरले. पुढे अनेक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. तथापि लहान यंत्रशाळांतील लेथची घरघर अद्याप पुरती थांबलेली नाही.

अशा एका यंत्रशाळेतील कारागीर डोळ्यांसमोर आणा. घरच्या अडचणीमुळे सातवीतच त्याची शाळा सुटली. आज त्याचा हात असा बसला आहे की, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग तो सहज वाचतो. परंतु याच वसाहतीतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'फिटर'च्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर दहावी उत्तीर्ण असावे लागते. मोठ्या कारखान्यात कायमची जागा मागावयास गेला, तरी प्रथम तोच कागद विचारतात. त्याने ज्यांना काम शिकविले, ती मुले पुढे जातात. तो मात्र आपल्या यंत्रापाशीच राहतो.

शाळेत न जाता दहावीच्या परीक्षेस बसण्याची सोय राज्य मंडळाने ठेवली आहे. त्या अर्जाला सर्वजण 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. अर्ज भरणे सोपे, खरी कसोटी पुढेच. दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले असतात. जेवण झाले की डोळे मिटू लागतात. ओव्हरटाइम नाकारून अभ्यासाला बसावे, तर महिनाअखेर घरखर्चाला पैसे कमी पडतात. त्यातून धाकट्या मुलीचे आणि बापाचे पुस्तक एकच! शेजारी हसतील म्हणून तो दार लोटून घेतो.

अपूर्णांक पाहिले की त्याची छाती दडपते. पण "तीन सूत आणि पाच सूत मिळून किती?" असे मुलीने विचारले, तर तो तत्काळ "एक इंच" असे उत्तर देतो. आठ सुतांचा एक इंच, हे त्याला रोजच्या कामाने शिकविले आहे. मग ती पाटीवर लिहिते : ३/८ + ५/८ = १. तो त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहतो. इतकी वर्षे तो हेच गणित करीत होता. फक्त ते असे लिहितात, हे त्याला ठाऊक नव्हते.

कष्टकरी माणसाने रात्री पाटी हाती घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा ज्यांना सवड नाही, त्यांच्या सवडीला शाळेनेच यावे, हा विचार त्या काळी किती धाडसाचा होता!

मुंबईच्या गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे यांची शाळा चौथीनंतरच सुटली होती. त्यांनी गिरणीत काम केले, हमाली केली, शिपायाची नोकरी केली. आणि वयाच्या तिशीत, १९५७ साली, ते सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या बळावर पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, हे सर्वश्रुत आहे; परंतु त्या तिशीतल्या परीक्षेची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

वागळे इस्टेटीतील आपला कारागीर परीक्षेच्या दिवशी धुतलेला सदरा घालून केंद्रावर पोहोचतो. नखांतले काळे तेल काही केल्या निघालेले नसते. फाटकावरील शिपाई त्याला अडवितो आणि म्हणतो, "पालकांनी बाहेर थांबावे." तो काहीच बोलत नाही. वरच्या खिशातून घडी केलेले प्रवेशपत्र काढतो आणि उलगडून शिपायाच्या हाती देतो.