टर्बो गाडी गरम होते तेव्हा : हेड उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला की गिऱ्हाईक घाबरते आणि गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो, "हेड गॅस्केट गेले!" कधी ते खरेही असते. पण दोष एखाद्या नळीत किंवा पंख्याच्या फ्यूजमध्ये असला आणि आपण हेड उतरवले, तर गिऱ्हाइकाचा पैसा जातो व कारागिराचे नाव जाते. म्हणून तपासणीचा क्रम येथे देत आहोत.

टर्बोमुळे फरक काय पडतो, हे प्रथम समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरते आणि हवा दाबून इंजिनात भरते. पेट्रोल गाडीत हा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. म्हणून अनेक पेट्रोल टर्बोंच्या मधल्या भागातून इंजिनाचे पाणी फिरवलेले असते. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या पुढे असतो. म्हणजे साध्या गाडीपेक्षा येथे उष्णता जास्त, नळ्या जास्त आणि पाणी गळण्याच्या जागाही जास्त.

आमच्याकडे एक टर्बो पेट्रोल गाडी आली होती. कसारा घाट चढताना दिवा लागायचा. आधीच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर बदलला, शेवटी हेड उतरवायला सांगितले. गाडीखाली पाण्याचा थेंबही नव्हता, तरी दर आठवड्याला पाणी कमी होत होते. आम्ही टर्बोवरचा पत्रा काढला, तेव्हा पाण्याच्या नळीच्या जोडावर पांढरट-गुलाबी थर दिसला. पाणी तापलेल्या टर्बोवर गळून जागीच उडून जात होते. जोडाचे वॉशर बदलले, पाणी भरून हवा काढली, काम संपले.

आता क्रम असा ठेवावा.

पहिले, विचारपूस. गाडी केव्हा गरम होते? सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंख्याकडे पाहावे. चढावर किंवा वेगात तापत असेल तर पाण्याचा प्रवाह, पंप आणि रेडिएटर पाहावा. गार इंजिन चालू करताच दिवा लागत असेल तर सेन्सर व वायरिंग पाहावे.

दुसरे, पाण्याची पातळी. ही इंजिन गार असतानाच पाहावी. झाकणामुळे आत दाब असतो. अर्धे कूलंट व अर्धे पाणी असे मिश्रण सुमारे एक बार दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेच उकळते. गरम असताना झाकण उघडले की दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. असे भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत. पाणी कमी असेल तर सेन्सर वाफेत राहून चुकीचे तापमानही दाखवतो. झाकणाचे रबरही याच वेळी तपासावे.

तिसरे, तापमान खरे आहे का? स्कॅनरवरील आकडा आणि तापमानाच्या बंदुकीचा आकडा जुळवावा. चकचकीत अॅल्युमिनियमवर बंदूक कमी दाखवते. म्हणून तेथे काळी टेप लावून किंवा रबरी नळीवर मोजावे.

चौथे, पंखा आणि जाळी. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहावे. इंटरकूलर, एसीची जाळी व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ साचते. ती पुढून दिसत नाही, टॉर्च लावून पाहावी.

पाचवे, थर्मोस्टॅट. इंजिन तापले असता वरची नळी गरम आणि खालची गार राहिली, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. थर्मोस्टॅट भांड्यातील पाण्यात तापवून पाहावा. किती अंशांना उघडतो, ते त्यावर कोरलेले असते. तो कायमचा काढून टाकण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यामुळे इंजिन गार राहून पेट्रोल जास्त खाते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून जाते आणि गाडी उलट जास्त तापते.

सहावे, गळती. हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून पंधरा मिनिटे काटा पाहावा. उतरला तर टर्बोच्या नळ्या, पाण्याचा पंप आणि हीटरचे जोड तपासावेत. पाणी भरल्यावर हवा काढण्याचा स्क्रू विसरू नये. हवा अडकली की नवी गाडीही तापते.

हे सर्व ठीक निघाले, तरच हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तेव्हाही पुरावा हवा. पाण्याच्या टाकीवर तपासणीचे निळे रसायन धरले असता पेट्रोल गाडीत ते पिवळे पडले, तर इंजिनाचा धूर पाण्यात येत आहे. टर्बोत सिलिंडरचा दाब जास्त असल्याने ही गळती कधी फक्त चढावरच होते. म्हणून गाडी चढावर चालवून आणल्यावर तपासणी पुन्हा करावी.

गिऱ्हाइकालाही दोन गोष्टी सांगाव्यात. दिवा लागताच एसी बंद करून, हीटर पूर्ण चालू करून गाडी बाजूला घ्यावी. वाफ दिसली किंवा दिवा विझला नाही, तर इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. दुसरे, बोअरचे पाणी वापरू नये. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

तपासणीची मजुरी वेगळी मागण्यात कारागिराने संकोच करू नये. दोष शोधणे हेही काम आहे. काय तपासले आणि काय सापडले, हे कागदावर लिहून द्यावे. ज्याचे हेड विनाकारण उतरले नाही, ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याच दारात गाडी उभी करते.