ओव्हरहॉलनंतर ट्रक सुरू होत नाही?

भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकचे इंजिन घाटकोपर-मुलुंडच्या गॅरेजमधून ओव्हरहॉल करून आणले आणि ते सुरूच होईना, तर लगेच हेड उघडू नये. स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरचा व पंपाचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा.

पांढरा धूर येत असल्यास डिझेल जाते, पण पेटत नाही. बहुधा पंपाचे टायमिंग चुकलेले असते. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून फ्लायव्हीलची खूण जुळूनही पहिला पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकवर असू शकतो. खूण जुळवून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल आहेत का, ते झाकण काढून पाहावे. हे सोपे काम मिस्त्री नेमके टाळतात! इंजिन जड फिरत असेल तर अर्थची केबल रंगावरच आवळलेली नाही ना, ते तपासावे. ईथर मात्र मारू नये. नव्या रिंगा तुटण्याचा धोका असतो.