एकांत आणि युक्ताहार

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील एक क्रम मनन करण्याजोगा आहे. दहाव्या श्लोकात भगवान योग्याला एकांतात, एकट्याने राहून चित्त स्थिर करण्यास सांगतात. पुढे आसन कसे असावे, दृष्टी कोठे असावी याचा विचार होतो. आणि सोळाव्या श्लोकात भोजनाची गोष्ट निघते. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति निद्रा घेणाऱ्याला नाही, तसाच सदा जागणाऱ्यालाही नाही. ध्यानाच्या प्रकरणात अन्न आणि झोप यांचा प्रश्न का यावा? कारण असे की, मनुष्य एकटा पडला म्हणजे त्याचे मन एक तर ताटाकडे धाव घेते, नाही तर ताटाकडे पाठ फिरवते.

ज्यांनी एकांत मागितला नव्हता अशा सहस्रावधी विद्यार्थ्यांना हा अनुभव २०२० साली आला. मध्य प्रदेशातील करोनाचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. जबलपूर हे विद्यार्थ्यांचे नगर आहे. १९५६ साली स्थापन झालेले व आज राणी दुर्गावतीचे नाव धारण करणारे विश्वविद्यालय येथे आहे. १९६४ सालचे कृषी विश्वविद्यालयही येथेच आहे. वर्ग बंद झाले. पुष्कळ विद्यार्थी घरी गेले. काही भाड्याच्या खोल्यांतच राहिले.

माझ्याकडे संस्कृत शिकण्यास येणारा एक विदर्भातील मुलगा अशांपैकीच होता. त्याची खानावळ बंद झाली होती. दिवसा तो धड जेवत नसे आणि रात्री अकरानंतर शेव, बिस्किटे, जे हाती लागेल ते संपेपर्यंत खात असे. एके दिवशी दूरध्वनीवर तो म्हणाला, “गुरुजी, पोट भरते, पण खाणे थांबत नाही. मग स्वतःचीच लाज वाटते.” मी त्याला एकादशीचा निर्जळी उपवास करण्यास सांगितले. तो त्याने केला आणि द्वादशीच्या रात्री पूर्वीपेक्षाही अधिक खाल्ले. चूक त्याची नव्हती, माझी होती. ‘अति खाऊ नये’ एवढाच अर्धा श्लोक मी त्याला दिला; ‘मुळीच न खाणेही नको’ हा दुसरा अर्धा मी विसरलो. सतराव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात शरीराला व्यर्थ कष्टविणाऱ्या तपाची भगवंतांनी निंदा केली आहे, याचेही मला स्मरण राहिले नाही.

मग आम्ही दुसऱ्या अध्यायातील बासष्टावा व त्रेसष्टावा श्लोक घेऊन बसलो. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, तीतून काम, त्यातून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, अशी ही शृंखला आहे. शेवटच्या कड्यापाशी झुंजणे कठीण. पहिले कडे ओळखणे त्या मानाने सोपे. मी त्याला म्हटले, “डब्याला हात लावण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचार: ही भूक पोटाची की मनाची? मनाची असेल, तर तिचे नाव काय?” तीन दिवसांनी तो म्हणाला, “गुरुजी, नाव सापडले. ती भीती आहे. वडिलांना दमा आहे, आणि मी येथे अडकलो आहे.” त्या दिवसापासून रात्री नऊ वाजता तो घरी बोलू लागला. रात्रीचे खाणे एकदम सुटले नाही. परंतु हळूहळू उणे झाले.

अमेरिकेतील पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ज्या शक्तीला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या अर्थाचे नाव दिले, ती हीच होय: आपल्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या ज्ञानाने आचरणाला दिशा देणे. पोटाची भूक क्रमाक्रमाने वाढते व साध्या भाकरीनेही शमते. मनाची भूक बहुधा एकाएकी येते व विशिष्ट चवच मागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हेही आजचे शरीरशास्त्र सांगते. सतराव्या श्लोकात आहाराबरोबर निद्रा व जागरण यांनाही प्रमाण का सांगितले, ते यावरून ध्यानी येईल.

‘आहार’ म्हणजे जे आत आणले जाते ते. छांदोग्य उपनिषदावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी आहारशुद्धीचा विचार करताना शब्दादी विषयांचे ग्रहण हाही आहारच मानला आहे. त्या दिवसांत दिवसभर मृत्यूच्या वार्ता पाहणारा विद्यार्थी उपाशी असला तरी अति आहारच करीत होता!

यातून साधकाने ध्यानी घ्यावयाच्या गोष्टी अशा:

१. एकटे असतानाही जेवणाची वेळ नियत ठेवावी आणि पान वाढून, बसून जेवावे.
२. आचार्यांनी गीताभाष्यात दिलेले प्रमाण स्मरावे: अर्धे पोट अन्नासाठी, चौथा भाग पाण्यासाठी, उरलेला वायूसाठी.
३. अवेळी भूक लागली तर प्रथम भावनेचे नाव घ्यावे, मग निर्णय करावा.
४. चुकल्यास स्वतःचा धिक्कार करू नये. आपणच आपला उद्धार करावा, आपणास खचू देऊ नये, असे याच अध्यायाचा पाचवा श्लोक सांगतो.
५. अन्नावरील वासना उडाली किंवा खाणे आवरेनासे झाले, आणि असे दिवसेंदिवस चालले, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

टाळेबंदी सरली, तरी परगावी एका खोलीत राहून शिकणारी मुले आजही घरोघरी आहेत. आईबाप दूरध्वनीवर विचारतात, “जेवलास का?” प्रश्न प्रेमाचा आहे, पण अर्धा आहे. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: “आज मन कसे आहे, बाळ?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.