लाल मेपल आणि त्याची भावंडे

काश्मीरच्या चिनाराचे पान तुम्ही चित्रात पाहिले असेल. कॅनडाच्या झेंड्यावरचे पानही तसेच दिसते. पण ते मेपलचे आहे. ही दोन्ही झाडे वेगळ्या कुलांतील आहेत. चिनाराची पाने फांदीवर एकाआड एक येतात, तर मेपलची समोरासमोर, जोडीने. चिनाराला गोल फळे लोंबतात. मेपलच्या जोडफळाला मात्र दोन पंख असतात.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात लाल मेपल वाढतो. तो पाणथळ जमिनीतही तग धरतो, म्हणून लोक त्याला दलदलीचा मेपल म्हणतात. 1753 साली लिनियस या शास्त्रज्ञाने त्याला 'एसर रुब्रम' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'रुब्रम' म्हणजे लाल.

पण केवळ रंगावर किंवा जागेवर विसंबू नका. काही लाल मेपलांची पाने पानगळीच्या वेळी पिवळी होतात आणि हे झाड कोरड्या टेकडीवरही उगवते. म्हणून पान नीट पाहावे. लाल मेपलच्या पानाला तीन ते पाच खंड असतात आणि कडा करवतीसारखी दातेरी असते. रुपेरी मेपलच्या पानातील खाचा फार खोल असतात आणि पान खालून चांदीसारखे दिसते. साखर मेपलच्या पानाची कडा दातेरी नसते. त्याची फळे शरद ऋतूत पिकतात. पहिल्या दोघांची मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच.

यावरून लाल आणि रुपेरी मेपल ही जवळची भावंडे आहेत, हे कळते. 1933 साली ऑलिव्हर फ्रीमन यांनी या दोहोंचा संकर केला. त्या संकरित झाडाला फ्रीमन मेपल म्हणतात. या गटातील तिसरे भावंड दूर जपानच्या पाणथळ जागी आढळते. तेथे त्याला 'हनानोकी' म्हणतात.

इतकी बारीक ओळख कशासाठी? लाल मेपलची सुकू लागलेली पाने घोड्याने खाल्ली, तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि घोडा दगावू शकतो. कुरणाजवळचे झाड ओळखता आले, तर मुक्या जनावराचा जीव वाचतो.

आणखी एक गंमत ऐका. आपल्याकडे केस धुण्यासाठी वापरतात तो रिठा आणि आपण आवडीने खातो ती लिची, ही झाडे आजच्या वर्गीकरणानुसार मेपलच्याच कुलातील आहेत! दिसण्यात साम्य असलेला चिनार परका ठरला आणि वेगळा दिसणारा रिठा नातलग निघाला. म्हणून झाडाला नाव देण्यापूर्वी पान, फूल आणि फळ या तिन्हींची साक्ष घ्या.

स्वाध्याय
1. चिनार आणि मेपल यांतील दोन फरक लिहा.
2. लाल मेपल केवळ रंगावरून का ओळखू नये?
3. शाळेजवळच्या एका झाडाचे निरीक्षण करा. त्याची पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते लिहा.