बेटावरील छावणी व तिचा खर्च

सुटींत एखाद्या दूरच्या बेटावर जावें, वाळूंत राहुट्या ठोकाव्या, लाटांचा आवाज ऐकत निजावें व आपला भात आपण शिजवून खावा, ही इच्छा शाळेंत शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनांत केव्हां ना केव्हां येते. इच्छा चांगलीच आहे. परंतु तिच्या पाठोपाठ दोन प्रश्न येतात. पहिला, खर्च किती येईल. दुसरा, सर्व जण सुखरूप परत येतील ना? या दोहोंचा निकट संबंध आहे. कारण काटकसर कोठें करावी आणि कोठें मुळींच करूं नये, हें ज्याला कळलें त्यालाच स्वस्त छावणीचें शास्त्र कळलें. त्या शास्त्राचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नांवाचें बंदर आहे व त्या बंदरांत ब्राउन्सी नांवाचें लहानसें बेट आहे. सन १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनीं तेथें सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. बालवीर चळवळीचा उगम या छावणींत झाला, असें सर्वत्र मानितात. बेट खासगी मालकीचें होतें. म्हणून मालक चार्ल्स व्हॅन राल्टे यांची परवानगी अगोदर घेतलेली होती. मुलांच्या चार टोळ्या करून त्यांस लांडगा, बैल, डोमकावळा व कर्ल्यू नांवाचा पाणपक्षी यांचीं नांवें दिलीं होतीं. कुडू नांवाच्या आफ्रिकी हरिणाच्या शिंगाचा कर्णा वाजला कीं मुलांनीं उठावें, असा तेथें परिपाठ होता.

परंतु आमच्या मतें या छावणींतील सर्वांत बोधप्रद भाग तिच्या जमाखर्चांत आहे. सुमारें निम्मीं मुलें सधन घरांतील व मोठ्या शाळांतील होतीं; बाकीचीं पूल व बोर्नमथ या गांवांतील बॉइज ब्रिगेडचीं, साध्या घरचीं होतीं. पहिल्यांकडून दरडोई १ पौंड वर्गणी घेतली, दुसऱ्यांकडून ३ शिलिंग ६ पेन्स. त्या काळीं एका पौंडाचे २० शिलिंग होत. म्हणजे सधन मुलानें गरीब मुलाच्या जवळजवळ पावणेसहापट वर्गणी दिली. छावणी मात्र सर्वांची एकच होती. इतकें करूनहि हिशेब जुळला नाहीं. एकंदर खर्च ५५ पौंडांच्या वर गेला, आणि वर्गणी व देणग्या जमा धरूनहि सुमारें २४ पौंडांची तूट राहिली. ज्यांचे दोन पुत्र छावणींत होते अशा एका गृहस्थांनीं ती भरून काढिली. यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या: उघड्या आकाशाखालीं निजणें फुकट होत नाहीं, आणि वर्गणी सर्वांना सारखी असणें म्हणजेच न्याय, असें नव्हे.

आतां आपल्या कोंकणपट्टीकडे वळूं. बेटावरील पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा. लहान रेताड बेटाच्या पोटांत पावसाचें पाणी मुरतें, व तें खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक फूट असेल, तर खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें, असा भूजलशास्त्रांत ठोकळ नियम आहे. त्याची उलट बाजूहि पाहावी: उपसा अधिक करून ती पातळी एक फूट खालीं नेली, तर तळाचें खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर येऊं पाहतें. म्हणून बेटावरच्या रहिवाशांच्या विहिरीवर छावणीचा भार घालूं नये. पाणी आपलें आपण न्यावें. पिणें व स्वयंपाक मिळून दर माणशीं दररोज ५ लिटर धरावे. २० जण २ दिवस राहणार असतील तर २०० लिटर, म्हणजे २० लिटरांचे १० डबे झाले. शिवाय एका दिवसाचें पाणी, म्हणजे आणखी ५ डबे, राखून ठेवावें. कारण समुद्र खवळला तर होडी ठरल्या वेळीं येत नाहीं. समुद्राचें पाणी तहान वाढवितें. त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, व ते शरीराबाहेर टाकण्यास प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावें लागतें. भांडीं मात्र वाळूनें घासून समुद्रांत धुवावीं आणि शेवटीं तेवढीं गोड्या पाण्यानें विसळावीं.

दुसरा प्रश्न भरतीओहोटीचा. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे. चालू तिथीला पाऊणकीनें गुणावें. जो आंकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार पाऊणे तीन; म्हणून तीनच्या सुमारास भरती, व त्यानंतर सुमारें सहा तासांनीं, नऊला, ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटींत पायीं जातां येतें व भरतींत वाट बुडते. तेथें हा हिशेब किती मोलाचा आहे हें सहज ध्यानांत येईल. अर्थात् बंदराचें छापील भरतीपत्रक हेंच प्रमाण. पाऊणकी केवळ पडताळ्यासाठीं.

पाणी सहा तासांत एकसारखें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग केले, तर ते तासागणिक अनुक्रमें १, २, ३, ३, २ व १ असे चढतात. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मा चढ होतो. मुंबईकडे मोठ्या उधाणाला हा चढ ४ मीटरांहूनहि अधिक असतो. तो ४ मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत पाणी २ मीटर चढेल. आणि किनाऱ्याचा उतार पन्नासांत एक असेल, तर तेवढ्या वेळांत पाण्याची कड १०० मीटर आंत येईल! राहुटी कोठें ठोकावी, हें यावरून ठरवावें. वाळलेलें शेवाळ व शिंपले यांची ओळ म्हणजे भरतीची रेघ, हें खरें. परंतु अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, दिसलेली रेघ पौर्णिमेच्या उधाणाला पुरत नाहीं. मुक्काम पुष्कळ दिवसांचा असेल तर जुनी, वरची रेघ शोधून तिच्याहि वर राहावें.

राहुटीच्या बाबतींत काटकसर खुशाल करावी. एक मोठी ताडपत्री, दोन बांबू व सुतळी एवढ्यावर काम भागतें. कोरड्या वाळूंत साधी मेख टिकत नाहीं. म्हणून दोरी एखाद्या दांडक्याच्या मध्यावर किंवा वाळूनें भरलेल्या पिशवीस बांधून ती हातभर खोल आडवी पुरावी व वरून वाळू चेपून बसवावी. माडाखालीं मात्र राहुटी ठोकूं नये. नारळ पडतांना खालीं कोण निजलें आहे हें पाहत नाहीं. तांदूळ, डाळ, पोहे, भाकरी व सुकी चटणी हें खाणें स्वस्त आहे व टिकाऊहि आहे. चूल भरतीच्या रेघेच्या खालीं, ओहोटींत मोकळ्या झालेल्या वाळूंत पेटवावी. ती विझवितांना पाणीच ओतावें; वाळू लोटूं नये, कारण झांकलेले निखारे पुष्कळ वेळ धगधगत राहतात व अनवाणी पाय भाजतात.

सुमारें नोव्हेंबर ते मार्च या काळांत आपल्या कांहीं किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालितात. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवच्या लोकांनीं त्यांच्या रक्षणाबद्दल कीर्ति मिळविली आहे. अंड्यांतून निघालेलीं पिलें उजेडाच्या रोखानें चालतात. आमचा दिवा त्यांस समुद्राऐवजीं जमिनीकडे नेईल. म्हणून अशा किनाऱ्यावर रात्रीं दिवे मालवावे, व विणीच्या जागेपासून दूरच मुक्काम करावा.

आतां जेथें काटकसर मुळींच करूं नये त्या गोष्टी. होडी पक्की असावी, तांडेल अनुभवी असावा, व प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असावें. दोन खेपा कराव्या लागल्या तर कराव्या, पण होडींत जास्त माणसें भरूं नयेत. औषधांची पेटी न्यावी. जागेच्या मालकाची, गांवच्या पंचायतीची व जेथें लागेल तेथें सरकारी खात्याची परवानगी काढावी. परतीचा दिवस किनाऱ्यावरील एका जबाबदार माणसास लिहून द्यावा. जून ते सप्टेंबर हा काळ या उद्योगास सर्वस्वी वर्ज्य समजावा.

शेवटीं पुन्हां वर्गणीकडे येऊं. छावणीची सूचना फळ्यावर लागते तेव्हां प्रत्येक वर्गांत एखादा मुलगा "मला यायचें नाहीं" असें सांगतो. खरें कारण तो सांगत नाहीं. तें शिक्षकानें ओळखावें. आमची सूचना अशी कीं, दरडोई खर्च सर्वांना कळवावा, पण वर्गणी बंद पाकिटांत घ्यावी. ज्याला अधिक देतां येईल त्यानें अधिक द्यावी, आणि कोणी किती दिली हें एकाच शिक्षकाला ठाऊक असावें. ज्यानें कमी दिली त्याच्या वांट्यास अधिक भांडीं येऊं नयेत, व ज्यानें अधिक दिली त्यास घासण्यापासून सूट मिळूं नये.

पौल प्रेषिताचें जहाज माल्टा बेटावर फुटलें तेव्हां २७६ माणसें भिजून, गारठून किनाऱ्याला लागलीं. तेथील लोकांनीं शेकोटी पेटविली, आणि तिच्यासाठीं काटक्या गोळा करणाऱ्यांत पौल स्वतः होता, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. प्रवासांत ज्याच्या शब्दाला सर्वांनीं मान दिला, त्याला काटक्या वेंचण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं बेटावर जातांना हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. शेकोटीभोंवतीं बसलेल्यांची मोजदाद करावी, आणि वर्गांतील कोणी केवळ पैशापायीं घरीं राहिला असेल, तर ती छावणी कितीहि स्वस्तांत झाली तरी महागच पडली असें समजावें.