‘भुंडा’ : शिंगे नसलेल्या जनावराचा वाचक शब्द

शिंगे नसलेल्या बैलाला वा गाईला मराठीत ‘भुंडा’, ‘भुंडी’ म्हणतात. ‘मुंडा’ आणि ‘बोडका’ हेही शब्द याच अर्थाने येतात. मराठी शब्द दिसला की त्याचा समानार्थी संस्कृत शब्द शोधून त्यालाच मूळ ठरवायचे, ही आपल्याकडील जुनी रीत. येथे ती निरुपयोगी ठरते.

वैदिक शब्द ‘तूपर’ असा आहे. अश्वमेधात प्रजापतीसाठी सांगितलेल्या पशूंत अश्व व गोमृग यांच्यासह तूपर येतो. ऐतरेय ब्राह्मणातील (४.१७) कथा अधिक बोलकी आहे. खूर आणि शिंगे मिळावीत म्हणून गाई सत्राला बसल्या. दहाव्या महिन्यात ती मिळाली, तेव्हा काही उठल्या. संवत्सर पुरे करू म्हणून ज्या बसून राहिल्या, त्यांची शिंगे अश्रद्धेमुळे गळाली. त्या तूपर झाल्या, मात्र त्यांना ऊर्ज लाभले. म्हणजे उणीव आहे, तशी भरपाईही आहे. अमरकोशात हा शब्द ‘तूवर’ असा, पकाराचा वकार होऊन, जणू प्राकृताच्या वळणाने येतो. तेथे त्याचे अर्थ दोन : शिंगे न फुटलेला गो आणि वय होऊनही दाढीमिशी न आलेला पुरुष. ‘गळणे’ जाऊन ‘न उगवणे’ आले. ऊर्जेचा तर मागमूसही उरला नाही.

‘तूवर’पासून ‘भुंडा’ निघणे ध्वनिदृष्ट्या असंभव आहे. ‘मुंड’ जवळचा खरा, परंतु मकाराचा भकार नियमाने होत नाही. टर्नर यांच्या तौलनिक कोशात (१९६६) व्यंगवाचक शब्दांचे असे अनेक पुंज आढळतात, ज्यांत आद्य व्यंजन सैलपणे बदलते. मराठीतील लांडा, बांडा, थोटा ही मंडळी त्याच गोतातली. ‘बोडका’चे नाते मात्र दक्षिणेकडे पाहावे लागते, तेलुगूतील ‘बोडि’ टकल्यालाही लागतो आणि बिनशिंगीलाही.

अर्थाच्या बाजूने एक भेद महत्त्वाचा वाटतो. ‘बोडका’मागे ‘बोडणे’ आहे, ‘मुंडा’मागे ‘मुंडणे’. दोहोंत कोणीतरी काहीतरी काढून टाकल्याची सूचना आहे. ‘भुंडा’शी जोडलेले तसे क्रियापद प्रचारात नाही. म्हणून जन्मतः शिंगे नसलेल्या जनावराला तो चपखल बसतो. बांगड्यांवाचूनच्या हातांना ‘भुंडे हात’ म्हणताना हीच कर्तृहीनता वेगळे काम करते : केशवपन झालेल्या विधवेला ‘बोडकी’ म्हणताना वस्तरा निदान सूचित होतो, ‘भुंडे हात’ म्हणताना बांगड्या कोणी उतरवल्या हे शब्दाबाहेरच राहते. कोशात या शब्दाखाली ‘बिनशिंगी’ हा अर्थ मूळ आणि ‘अलंकारहीन’ हा लाक्षणिक असा क्रम लावण्यास त्यामुळे आधार उरत नाही. दोन्ही अर्थ ‘उघडा’ या एकाच अर्थाच्या शाखा मानणे अधिक सयुक्तिक होय.